उजवी कड

शाळेत सुभाषितांचं एकच पुस्तक होतं,
लाल कापडी बांधणीचं, तालुक्याहून आलेलं.
आंब्याच्या फळ्यांच्या कपाटात ते ठेवलं
आणि दोन पावसाळ्यांत वाळवीनं
प्रत्येक पानाची उजवी कड खाल्ली.
वाक्यं राहिली.
खाली उजवीकडे ज्यांची नावं होती ते गेले,
जन्ममृत्यूच्या सालांसकट.

फळ्यावर सुविचार लिहायचं काम
शिपाई पुंजाराम गेडामांकडे,
कारण गुरुजींचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय
आणि गेडामांचं, काय सांगू,
त्यांनी काढलेल्या 'ळ'मध्ये पाणी साठलं असतं.

पहिले काही दिवस ते वाक्याखाली
नुसती रेघ मारून उभे राहायचे.
मग एकदा खडू आपटून म्हणाले,
"बोलनारा नाही अन् बोलनं हाय?
भूत हाय काय हे?"

त्या दिवसापासून गाव लेखक झालं.
धैर्याच्या वाक्याखाली चिंधाबाई राऊत,
जिनं रानडुकराला परात वाजवून हाकललं होतं.
काळाबद्दल काहीतरी लांबलचक होतं,
त्याखाली एसटीचे कंडक्टर ठवकर.
मौनाखाली माझ्या बापाचं नाव लागलं.
मी दिवसभर छाती काढून फिरलो,
घरी येऊन सांगितलं,
तर तो काहीच बोलला नाही.

पऱ्हाटीच्या शेवटच्या वेचणीला पुस्तक संपलं.
गेडाम मग चक्कीवर, पारावर, न्हाव्याच्या खुर्चीमागे
कान घेऊन हिंडू लागले,
पाठीमागे हात, हातात खडू.

शालिक उईके तेव्हा बोअरच्या मशीनवर होता.
पाचशे फूट नुसता पांढरा धुरळा,
मग चिखल, मग एकदम फवारा.
सरपंच भिजले, पोरं भिजली, एक शेळी भिजली,
आणि जो तो छातीवर हात ठेवून काहीतरी सांगत असताना
उईके पाइप पुसत, कोणाकडेही न बघता म्हणाला :

पानी लागलं का सारेच म्हनते,
जागा म्या सांगतली होती.

दुसऱ्या दिवशी ते फळ्यावर होतं,
जसंच्या तसं, 'पानी'तल्या 'न'सकट.
खाली शालिक उईके. पुढे कंस.
साल त्याला माहीत नव्हतं,
म्हणून 'पोळ्याच्या आदल्या दिवशी',
मग आडवी रेघ, रेघेपुढे कोरी जागा,
कारण उईके फाटकाजवळ बिडी पीत उभा होता.

नेमके तपासणीचे साहेब आले.
वा, म्हणाले, हा कोणत्या देशाचा?
गुरुजींना घाम फुटला.
"इथलाच हाय साहेब," गेडाम म्हणाले, "नाल्यापल्याड राह्यते."
साहेब हसले. डायरी काढली.
'पानी'चं पाणी केलं, 'म्या'चं मी,
'सांगतली'ला मधे एक वेलांटी दिली
आणि पेनाला टोपण लावलं.
वाळवीला निदान दोन पावसाळे लागले होते.

आता दारव्ह्याला माझा छापखाना आहे.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, तेरवीची कार्डं.
काल एका पतसंस्थेच्या कॅलेंडरचा मजकूर आला,
बारा महिने, बारा विचार.
ऑगस्टच्या पानावर तेच वाक्य,
इस्त्री केलेलं, भांग पाडलेलं.
खाली : एक थोर विचारवंत.

मी पतसंस्थेच्या मॅडमना फोन लावला.
"कुठूनतरी आलंय हो, सगळेच टाकतात."
हे शालिक उईकेचं आहे, म्हटलं.
त्या जरा थांबल्या.
"रशियन का?"

मग मी मॅडमना विचारलंच नाही.
वेलांटी काढली. 'ण'चा 'न' केला.
थोर विचारवंताला बॅकस्पेस दिला, एकेक अक्षर.
नाव टाइप केलं आणि कंस उघडला,
आणि बोट तिथेच अडलं.
बावीस वर्षं मी गावाकडे गेलो नाही.

गेडामांच्या पोराचा नंबर शोधला आहे.
रिंग जाते आहे.
मशीन तापलंय, कागद लागलाय, पोरगा विचारतोय
चालू करू का, आणि पडद्यावर

शालिक उईके (पोळ्याच्या आदल्या दिवशी –